नोंदीत लिहिता येईल तेवढंच

प्रिय,

तुझा मेल मिळाला. उत्तराआधी एक सांगते. तुझ्याकडे थेरपीसाठी येणाऱ्या त्या मुलाचं पूर्ण नाव, गाव आणि तो कोणत्या अभ्यासिकेत बसतो हे सगळं तू मेलमध्ये लिहिलं होतंस. मी तो मेल काढून टाकला आहे, तूही 'सेंट'मधून काढ. सुपरव्हिजनसाठी, म्हणजे ज्येष्ठ म्हणून तुझ्या केसवर तुझ्याशी बोलण्यासाठी, मला त्याचं साधारण वय, त्याचा त्रास आणि तुमच्या दोघांत काय घडतंय एवढं पुरतं. नाव गाळलं तरीही जपून लिहावं लागतं, कारण आपलं मराठी जग फार लहान आहे. पार्ल्याची शाळा, बोटीवर नोकरी करणारा नवरा आणि दोन मुली एवढंच सांगितलं, तरी एखाद्या लग्नाच्या पंगतीत 'म्हणजे अमकीच ना?' असं विचारणारं कोणीतरी निघतंच. इन्स्टाग्रामवर 'माझी एक क्लायंट' म्हणून सुरू होणारी रील तू करू नयेस असं मी आग्रहाने सांगते, ते याच कारणाने. क्लायंटने स्वतः ती रील पाहिली आणि आपलंच आयुष्य त्यात ओळखलं, तर ती पुन्हा कोणापुढे तोंड उघडेल का?

तू चार गोष्टी विचारल्यास. मुलाची फी आई भरते, मग तिला काय सांगायचं. घरात स्वतंत्र खोली नसलेल्या माणसाचं ऑनलाइन सेशन कसं घ्यायचं. भेटवस्तूंचं काय करायचं. आणि अगदी शेवटी, 'जाता जाता' म्हणून, रात्री येणाऱ्या मेसेजचं. हा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तो तू शेवटी ढकललास, यावरूनच तो तुला सगळ्यात जास्त टोचतोय हे कळलं.

काय काय झालं ते क्रमाने बघ. परीक्षांच्या मागे असलेला मुलगा, घरापासून लांब, खिशात पैसे नाहीत. तू फी अर्धी केलीस, ते योग्यच होतं. तो दिवसातला शेवटचा क्लायंट, म्हणून पन्नास मिनिटांचं सेशन हळूहळू दीड तासावर गेलं. 'मॅडम'ची 'ताई' झाली. मग इन्स्टाग्रामवर त्याची रिक्वेस्ट आली आणि नाकारली तर दुखावेल म्हणून तू ती घेतलीस. आता रात्री पावणेबाराला 'ताई, जाग्या आहात का?' असा मेसेज येतो आणि तू साडेबारापर्यंत उत्तरं देत बसतेस. यातलं काहीही तू वाईट हेतूने केलेलं नाहीस. आपल्या व्यवसायात गंभीर गैरवर्तनाच्या ज्या प्रकरणांची चर्चा होते, त्यांतही सुरुवात बहुधा अशाच चांगुलपणाने झालेली असते. कोणी एका दिवसात भिंत पाडत नाही. एकेक सवलत दिली जाते, दर वेळी ती योग्यच वाटते, आणि मागे वळून बघेपर्यंत माणूस बराच लांब आलेला असतो.

थॉमस गटहाइल आणि ग्लेन गॅबर्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ साली मर्यादा ओलांडणं आणि मर्यादेचा भंग करणं यांत फरक केला. मला तो आजही कामाचा वाटतो. जुलैच्या पावसात लोकल बंद पडल्या आणि तू क्लायंटला तासभर बाहेरच्या खोलीत बसू दिलंस, तर ते ओलांडणं झालं. त्यात कोणाचं नुकसान नाही, उलट नात्याला त्याचा उपयोगच होऊ शकतो. क्लायंटचं नुकसान किंवा शोषण होतं तेव्हा तो भंग. एकच कृती एका ठिकाणी निरुपद्रवी असते आणि दुसरीकडे घातक, म्हणून त्यांनी संदर्भावर भर दिला. अडचण अशी की आपण स्वतः त्यात असतो तेव्हा संदर्भ आपल्या सोयीने दिसायला लागतो. त्यासाठी मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली आहे आणि तीच तुला देते. केसची नोंद लिहायला घे: 'रा. ११.४५, क्लायंटचा मेसेज. थेरपिस्टने १२.३० पर्यंत उत्तरं दिली. कारण –' आणि 'कारण'पुढे तुझा हात थांबतो का ते बघ. जे नोंदीत लिहायला आणि सुपरव्हिजनमध्ये सांगायला जीभ जड होते, ते सहसा क्लायंटसाठी केलेलं नसतं. ते आपल्याला कोणीतरी हवंहवंसं म्हणावं, आपण कठोर वाटू नये, आपल्या हातून कोणी दुखावलं जाऊ नये, यासाठी केलेलं असतं. या गरजा माणसाला असतातच. पण त्या भागवायचं काम क्लायंटचं नाही.

शिवाय त्या मुलाचं काय होतंय तेही बघ. रात्रीची अस्वस्थता ताईच्या उत्तराने उतरते, हे तो शिकला. ती अस्वस्थता स्वतः पेलायला शिकण्यासाठी तो तुझ्याकडे आला होता. दुसरं नुकसान पटकन दिसत नाही. त्याला ताई म्हणू दे, त्याला माझी हरकत नाही. आपल्याकडे रिक्षावालाही ताई म्हणतो. पण तू खरोखरच ताईसारखी वागायला लागलीस, की तो तुझ्यावर रागावू शकणार नाही. स्वतःच्या लैंगिक आयुष्याबद्दल तुझ्याशी बोलू शकणार नाही. 'तुम्ही सांगितलेलं मला पटलं नाही' हे म्हणताना त्याला उपकार आठवतील. ज्या जागी त्याला काहीही बोलता यायला हवं, तिथेच त्याला भीड पडायला लागेल.

आता मागे कसं यायचं? अचानक थंड होऊ नकोस. न सांगता अनफॉलो करणं, दोन दिवस उत्तर न देणं, पुढच्या वेळी घड्याळाकडे बघत बसणं, हे सगळ्यात क्रूर. टाकून दिल्याचा अनुभव घेऊनच तो आला आहे, त्यात तू भर घालशील. सेशनमध्ये, सुरुवातीच्या दहा मिनिटांत, सरळ बोल. शब्द तुझे असू देत, पण मजकूर साधारण असा हवा: 'गेले काही आठवडे मी रात्री तुमच्या मेसेजना उत्तरं देत आले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिली, पण यामुळे पुढे तुमचाच तोटा होईल असं मला आता दिसतंय. हे मी सुरू केलं, त्यामुळे बदलायची जबाबदारी माझी आहे. तुमचं काहीही चुकलेलं नाही.' त्यानंतर गप्प बस. त्याला राग आला तर येऊ दे, त्या रागावर बोला. कदाचित त्या सेशनमध्येच पहिल्यांदा खरी थेरपी होईल. मग दोघांनी मिळून रात्रीचं ठरवा: झोप उडाली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, काय लिहून ठेवायचं आणि पुढच्या सेशनला आणायचं. इन्स्टाग्रामबद्दलही तिथेच बोल आणि मग दोघांनी काढून टाका. सेशन पन्नास मिनिटांवर आण. फी अर्धीच राहू दे. ती वाढवलीस तर त्याला शिक्षा वाटेल.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेव. एकटेपणाचा मेसेज वेगळा आणि जीव द्यायच्या विचाराचा वेगळा. मरायचं बोलत असेल तर घड्याळ बघायचं नाही. फोन कर, स्पष्ट शब्दांत विचार, सोबत कोण आहे ते विचार, घरच्यांना किंवा मित्राला कळव, हॉस्पिटलमध्ये न्यायला लाव. 'पोलीस केस होईल' या भीतीने घरचे अजूनही लपवतात. त्यांना सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, आणि त्याच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य मानलं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक क्लायंटकडे पहिल्या दिवसापासून असू दे. तू चोवीस तास उपलब्ध नाहीस, पण तो आहे.

आईचा प्रश्न. प्रौढ मुलाची फी भरली म्हणून आत काय बोललं गेलं ते कळण्याचा हक्क मिळत नाही. हे त्या माउलीला तुटकपणे सांगू नकोस. ती काळजीपोटी विचारते आहे. 'तो नियमित येतो का हेसुद्धा मी त्याच्या संमतीशिवाय सांगू शकत नाही, पण तुम्हाला जे दिसतंय ते मला सांगायचं असेल तर जरूर सांगा, आणि तुम्ही मला फोन केलात हे मी त्याला सांगणार आहे', इतकं बोलता येतं. शेवटचा भाग विसरू नकोस, नाहीतर आईचं एक गुपित आणि मुलाचं एक, अशी दोन गाठोडी घेऊन तू बसशील. २०१७ च्या कायद्याचं २३ वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं. दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका असेल तर माहिती देता येते, पण तो धोका टाळायला लागेल तेवढीच. हे 'तेवढीच' फार मोलाचं आहे. समुपदेशक त्या कायद्याच्या व्याख्येत बसतात की नाही यावर वकील वाद घालोत, तू स्वतःला तोच निकष लाव.

या अपवादामागची जुनी हकीकत तुला माहीत असेलच. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने, तातियाना तारासॉफ या मुलीला मारण्याचा विचार मानसशास्त्रज्ञाला सांगितला. त्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिलं, आणि त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केलं नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात त्याने तिचा खून केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. आपली न्यायालयं त्या निकालाला बांधील नाहीत, पण त्यातला प्रश्न आपल्याही दारात येतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत तर पर्यायच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या १९ व्या कलमानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीच्या संबंधांबद्दल बोलली तरी कायद्याच्या लेखी ती बालकच. ही गोष्ट मला अस्वस्थ करते, पण मुलीने बोलून टाकल्यावर 'आता मला कळवावं लागेल' म्हणणं हा शुद्ध विश्वासघात आहे. म्हणून गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच सेशनमध्ये, तिला कळतील अशा शब्दांत सांगायच्या. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे सांगितलं असं होत नाही.

जोडप्यांबरोबर काम करशील तेव्हा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाची आठवण ठेव. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, थेरपिस्टला तसं नाही. तुझ्या नोंदी मागवल्या जाऊ शकतात. म्हणून नोंदी खऱ्या, नेमक्या आणि आटोपशीर हव्यात. सासूचं नाव, शेजाऱ्याची भानगड त्यात कशाला?

ऑनलाइनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुंबईत याचा खरा प्रश्न जागेचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे 'शांत, खाजगी जागेत बसा' हे सांगणं म्हणजे क्लायंटला परत पाठवणंच. लोक गच्चीवर जाऊन बोलतात, जिन्यात बसतात, बिल्डिंगखाली उभ्या केलेल्या गाडीत काचा वर करून बोलतात. हे चालतं. गाडी चालवत असतील तर चालत नाही. 'बाजूला घ्या, मग बोलू' म्हणायचं. लोकलमधून तर नाहीच. हेडफोन दोघांनाही सक्तीचे. कोणी आत आलं तर बोलायचं एक वाक्य आधी ठरवून ठेव. एका बाईंशी माझं ठरलं होतं, त्या म्हणायच्या, 'हो, गॅसचा नंबर लावते', की मी लगेच रेशनिंग ऑफिसच्या वेळा सांगायला लागायचे. (त्यांचे तपशील मी इथे बदलले आहेत.) घरात मारहाण होत असेल तर ही व्यवस्था चैन नाही, ती जीव वाचवते.

दर सेशनला 'आज कुठून बोलताय?' हे विचारायचंच. ती गप्पांची सुरुवात नाही. तुला वाटत असतं माणूस लालबागला आहे आणि तो त्या दिवशी कोल्हापूरला असतो. काही झालं तर मदत कुठे पाठवणार? जवळच्या माणसाचा फोन नंबर आधीच घेऊन ठेव आणि नेट गेलं तर कोण कोणाला फोन करणार तेही ठरव. न्यू जर्सीची भाची किंवा आतेभाऊ 'मराठीत बोलायचंय' म्हणून येतील. तिथल्या बहुतेक राज्यांत क्लायंट जिथे बसला आहे तिथला परवाना थेरपिस्टकडे लागतो, त्यामुळे मराठीच्या ओढीने लगेच हो म्हणू नकोस. आणि भाची तुझीच असेल तर प्रश्नच मिटला. नात्यातल्या माणसाची थेरपी करायची नाही.

तुझ्या बाजूची खोलीही तेवढीच बंद हवी. तुझ्या घरी कुकरच्या शिट्ट्या होतात ते ठीक आहे, पण मागून तुझा भाऊ टॉवेल घेऊन गेला तर क्लायंटच्या दृष्टीने तिसरा माणूस खोलीत आला. अंथरुणात बसून दोघांपैकी कोणीही बोलायचं नाही. रेकॉर्डिंग होणार नाही हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट ठरव, आणि प्रशिक्षणासाठी लागलंच तर लेखी संमती घे. हल्ली मीटिंगचं टिपण आपोआप काढणारी ॲप्स आली आहेत, ती बंद कर. क्लायंटची हकीकत एआय चॅटमध्ये टाकून 'काय करू' विचारायचा मोह तुझ्या पिढीला होतो हे मला कळतं. तो मजकूर कुठे साठतो ते तुझ्या हातात राहत नाही, आणि क्लायंटने त्याला होकार दिलेला नाही. मनात आलेला प्रश्न माझ्याकडे आण, नाहीतर दुसऱ्या कोणा ज्येष्ठाकडे ने.

फोनचं आज संध्याकाळीच करून टाक. कामासाठी वेगळा नंबर घे. व्हॉट्सॲप फक्त वेळ ठरवायला आणि बदलायला. रात्री आपोआप जाणाऱ्या उत्तरात तुझ्या वेळा आणि १४४१६ असू दे. इन्स्टाग्रामला फोनबुक बघायची परवानगी असेल तर काढून घे, नाहीतर ते तुझे क्लायंट तुला आणि कधी एकमेकांनाही सुचवेल. यूपीआयने पैसे पाठवताना 'थेरपी' असा शेरा लिहू नका हे क्लायंटना सांग. खातं नवऱ्याबरोबरचं असतं, स्टेटमेंट तोही वाचतो. गूगलवर कोणी वाईट रिव्ह्यू लिहिला तर तोंड बंद ठेव. उत्तर दिलंस की हा माणूस तुझ्याकडे येत होता हे तू जगजाहीर केलंस. चांगले रिव्ह्यूही मागायचे नाहीत. तुझ्यापुढे नाही म्हणायला त्यांना जड जातं.

भेटवस्तूंबाबत माझं मत जरा सैल आहे, काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. दिवाळीत फराळाचा डबा आला तर घे. आपल्या घरांत फराळ परत करणं म्हणजे अपमान करणं. घे, आभार मान आणि नोंदीत लिही. हापूसची पेटी आली तर आधी विचार कर: आत्ताच का? मागच्या सेशनमध्ये काही बोलायचं राहिलं होतं का, की माझ्या रागाची भीती वाटली? त्यावर बोलता आलं तर पेटीपेक्षा ते बोलणं जास्त गोड. पाकीट, सोनं, महागडं घड्याळ नाही म्हणजे नाही. 'माझ्या ओळखीने मुलाची ॲडमिशन होईल', 'इंटिरियर स्वस्तात करून देतो', 'शेअरची टिप देतो' यांना पहिल्याच वेळी नकार दे. थकलेली फीसुद्धा साचू देऊ नकोस. दोन महिन्यांची बाकी झाली की तुम्ही सावकार आणि कुळ होता.

रस्त्यात गाठ पडेल; शिवाजी मंदिरात मध्यंतराला, हळदीकुंकवाला, दादर स्टेशनच्या पुलावर. पहिल्या सेशनलाच सांगून ठेव की बाहेर मी आपण होऊन ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करीन.

आकर्षणाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. क्लायंटबद्दल ओढ वाटणं हा अपराध नाही, ती लपवणं धोक्याचं आहे. ज्या दिवशी तू त्याच्या सेशनसाठी साडी निवडायला लागशील त्या दिवशी मला फोन कर. लैंगिक संबंध कोणत्याही परिस्थितीत, कोणाच्याही पुढाकाराने, कधीही नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता थेरपी संपल्यानंतर किमान दोन वर्षांची अट घालते, आणि नंतरही तसे संबंध अगदी अपवादानेच मान्य करते. मला तो अपवादसुद्धा नको आहे. खुर्चीतल्या त्या तासांत तुला मिळालेली सत्ता दोन वर्षांत संपत नाही.

आणि एक. लोक तुला 'डॉक्टर' म्हणतील. तिथल्या तिथे दुरुस्त कर. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं पाटीवर लावायचं नाही. तुझं जे शिक्षण झालं आहे तेच लिही. औषधांची गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठव, उशीर करू नकोस.

गुरुवारी सहाला ये. त्या मुलाच्या नोंदी आण, नाव झाकून. त्याला काय सांगणार ते तोपर्यंत तुझ्या शब्दांत लिहून ठेव. मी त्याच्या जागी बसेन, चिडेन, 'म्हणजे तुम्हीपण सगळ्यांसारख्याच' असंही म्हणेन. तू तुझं वाक्य पुरं करायचं.

सप्रेम,
तुझी सुपरव्हायझर